डळमळती गादी आणि मोठा शिलालेख

प्रोपगंडावर गप्पा सुरू झाल्या की दोन मिनिटांत गाडी हिटलरच्या प्रचारमंत्र्यावर, गोबेल्सवर येते आणि तिथेच बंद पडते. आपलं म्हणणं असं की गोबेल्सकडे रेडिओ होता, सिनेमा होता, अख्खं मंत्रालय होतं, त्याने केलं त्यात विशेष काय. खरी मजा त्याच्या आधीच्या लोकांची आहे, ज्यांच्याकडे छिन्नी-हातोडा, नाणी आणि फार तर लाकडी ठसे होते. त्यांचं जेवढं वाचत गेलो तेवढं माझं एक मत पक्कं होत गेलं, की हे सगळं ताकदवान लोक ताकद दाखवायला करतात असं आपण समजतो खरं पण बऱ्याचदा उलटं असतं, ज्याच्या बुडाखालची गादी हलतेय तोच सगळ्यात मोठा शिलालेख कोरतो. म्हणून जुना प्रोपगंडा वाचताना तो कुठली गोष्ट घसा फोडून सांगतोय ते आधी बघायचं, दुखणं कुठे आहे ते लगेच कळतं.

जुन्या पर्शियन साम्राज्याच्या दारियस राजाचं बघा. इराणमध्ये केरमानशाहजवळ बेहिस्तूनचा कडा आहे. तिथे जमिनीपासून जवळपास १०० मीटर उंचीवर दारियस पहिल्याने इ.स.पू. ५२० च्या सुमारास एक चित्र आणि त्याच्याभोवती लांबलचक मजकूर कोरून घेतला, तीन भाषांत, जुनी पर्शियन, एलामी आणि बाबिलोनी. चित्रात दारियस उभा आहे, त्याच्या पायाखाली एक माणूस उताणा पडलाय, आणि समोर हात मागे बांधलेले, गळ्यात दोर अडकवलेले बंडखोर रांगेत उभे आहेत. आधी नऊच होते. नंतर शक टोळ्यांचा स्कुंख नावाचा राजा पकडला गेला तेव्हा त्यालाही रांगेत घुसवला, उंच टोकदार टोपीसकट, आणि त्याला जागा करायला एलामी मजकुराचा काही भाग चक्क तासून काढला आणि तो सगळा मजकूर दुसऱ्या बाजूला परत कोरला! म्हणजे पोस्ट एडिट करायची खोड केवढी जुनी आहे बघा.

आता मजकुरातली स्टोरी. आधीचा राजा कंबायसिस, त्याने म्हणे स्वतःच्या सख्ख्या भावाला, बर्दियाला, गुपचूप मारून टाकलं, इतकं गुपचूप की कोणालाच पत्ता नाही. मग कंबायसिस इजिप्तच्या मोहिमेत अडकलेला असताना गौमात नावाचा एक मागी (इराणी पुरोहित) उठला आणि म्हणाला मीच तो बर्दिया, आणि सगळ्या साम्राज्याने मान्य केलं. कंबायसिसही वारला. कोणाची हिंमत नव्हती या तोतयाविरुद्ध बोलायची, शेवटी मी आलो, अहुरमज्दा देवाची कृपा होती, थोडे सोबती घेतले आणि इ.स.पू. ५२२ मध्ये त्याला मारून राज्य परत आपल्या घराण्यात आणलं. इति दारियस. आता जरा थांबून विचार करा, खून झाला पण कोणी बघितला नाही, तोतया बसला पण कोणी ओळखला नाही, ओळखला तो फक्त त्याच माणसाने ज्याला पुढे राजा व्हायचं होतं. बऱ्याच इतिहासकारांना दाट संशय आहे की मारला तो खराच बर्दिया होता, म्हणजे साम्राज्य उभारणाऱ्या थोर सायरसचा मुलगा, आणि तोतया हे पात्र नंतर रचलेलं. मला स्वतःला यात शंका वाटत नाही, पण पुरावा म्हणाल तर दारियसनेच लिहिलेला, त्यामुळे भांडण कधी मिटणार नाही.

त्या मजकुरात 'तो खोटं बोलला' हे इतक्या वेळा येतं की शेवटी हसायला येतं. चित्रातल्या प्रत्येक बंडखोराजवळ छोटी ओळ आहे, हा अमुक, हा खोटं बोलला, हा म्हणाला मी तमुक राजा. एकाच वर्षात १९ लढाया केल्या आणि ९ राजे पकडले असं दारियस फुशारकीने सांगतो, पण जरा उलट्या बाजूने वाचलं की लक्षात येतं, हा गादीवर बसल्याबसल्या अर्धं साम्राज्य उठलं होतं. त्यातला एक बंडखोर तर परत म्हणत होता की मी बर्दिया! आणि लोक त्याच्याकडेही गेले. आणि माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे दारियस एके ठिकाणी म्हणतो की मी अजून पुष्कळ काही केलंय पण ते इथे लिहिलेलं नाही, कारण पुढे वाचणाऱ्याला ते अती वाटेल आणि तो विश्वास ठेवणार नाही. कसला मुरलेला माणूस आहे हा! किती फेकलं की पचतं याचा अंदाज त्याला अडीच हजार वर्षांपूर्वी होता.

आता प्रश्न असा की १०० मीटरवरचा हा मजकूर खालून वाचणार कोण? कोणीच नाही. काम झाल्यावर वर जायची कपारसुद्धा तासून टाकली होती. पण मजकुराच्या प्रती साम्राज्यभर पाठवल्या, तसं तो स्वतःच सांगतो, आणि बाबिलोनमध्ये त्याच्या प्रतीचे तुकडे सापडलेत, तिकडे इजिप्तमध्ये नाईलमधल्या एलिफंटाइन बेटावर अरामी भाषेतली पपायरसवरची प्रत सापडलीय जी शंभरेक वर्षांनंतर केलेली आहे. म्हणजे कडा नुसता शोसाठी, खरा माल कागदावर फिरत होता. आणि तो चालला. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस शंभर वर्षांच्या आत ग्रीक लोकांना तोतया राजाची जवळपास हीच गोष्ट सांगतो, नावं थोडी बदललेली.

दारियस पहिला होता असं मात्र नाही. त्याच्या साडेसातशे वर्षं आधी इजिप्तच्या रामसेस दुसऱ्याने कादेशची लढाई अशीच भिंतींवर जिंकली. इ.स.पू. १२७४ च्या सुमारास आजच्या सीरियात रामसेस आणि हित्तींचा (आजच्या तुर्कीतल्या साम्राज्याचा) राजा मुवातल्ली भिडले. हित्तींनी पेरलेल्या दोन माणसांनी शत्रू अजून फार लांब आहे असं सांगितलं, रामसेसने ते खरं मानलं आणि तो सरळ सापळ्यात गेला, कसाबसा निभावला. कादेश शेवटी हित्तींकडेच राहिलं. पण कर्नाक, लक्सर, अबिडॉस, अबू सिंबेल, जाल तिथे भिंतीवर रामसेस एकटा रथात उभा राहून शत्रूचा चुराडा करतोय, सैन्य पळालं होतं पण अमुन देव धावून आला वगैरे. आणि पंधराएक वर्षांनी, मुवातल्लीनंतरच्या हित्ती राजाच्या काळात, दोन्ही राज्यांचा तह झाला त्याच्या दोन्हीकडच्या प्रती मिळाल्यात. बहुतेक मजकूर सारखा, फक्त इजिप्तची प्रत म्हणते हित्ती तह मागायला आले आणि हित्तींची प्रत म्हणते इजिप्तवाले आले. दोघंही आपापल्या घरी जिंकले, विषय संपला.

इथे अशोकाचं नाव घेतलं की काही लोक चिडतात, पण घेणार. तेराव्या शिलालेखात त्याने कलिंगच्या युद्धाबद्दल जे लिहिलंय ते जगात दुसऱ्या कुठल्या जेत्याने लिहिलेलं मला माहीत नाही, दीड लाख लोक उचलून नेले, एक लाख मारले गेले, त्याच्या कितीतरी पट मेले आणि मला त्याचा पश्चात्ताप होतोय. एवढं कोण कबूल करतं? पण हा लेख खुद्द कलिंगात नाही. कलिंगातल्या धौली आणि जौगड इथे बाकीचे लेख कोरलेत, अकरा, बारा, तेरा गाळलेत आणि त्यांच्या जागी वेगळे दोन लेख आहेत, तिथल्या अधिकाऱ्यांना उद्देशून, त्यात सगळी माणसं माझी लेकरं आहेत असं म्हटलंय. ज्यांची माणसं मेली त्यांच्यासमोर आकडे नकोत एवढी अक्कल होती, याला कोणी संवेदनशीलता म्हणेल, कोणी मेसेज मॅनेजमेंट म्हणेल. मला वाटतं दोन्ही. आणि त्याच तेराव्या लेखात जंगलातल्या टोळ्यांना गोड शब्दांत दमही आहे, की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्याकडे ताकद आहे, नीट वागा नाहीतर मारले जाल.

कौटिल्याला तर असली नाजूक भानगडच नको. अर्थशास्त्राच्या तेराव्या अधिकरणात त्याने सरळ कृती दिलीय. शत्रूचं शहर घ्यायचंय ना, मग आपला राजा सर्वज्ञ आहे आणि देवांशी बोलतो अशी हवा करा. कशी? हेरांनी आणलेली बातमी राजाने स्वतःच्या दिव्यदृष्टीने कळल्यासारखी जाहीर करायची, देवळातल्या मूर्तीत भुयारातून माणूस घुसवायचा आणि राजाने त्या 'देवा'शी चारचौघांत गप्पा मारायच्या, पाण्यातून नागाच्या वेशात माणूस वर काढायचा. वाचताना वाटतं हा माणूस इव्हेंट मॅनेजर म्हणून आज करोडोत खेळला असता.

पण या सगळ्यांचा बाप म्हणजे ऑक्टेव्हियन, पुढचा ऑगस्टस, रोमचा पहिला सम्राट. सीझरचा खून झाला इ.स.पू. ४४ मध्ये तेव्हा हा १८ वर्षांचा, तब्येतीने किरकोळ, लढाईत यथातथा, भांडवल एकच, सीझरने मृत्युपत्रात याला दत्तक घेतलं होतं. लगेच स्वतःला सीझर म्हणवून घ्यायला लागला. इ.स.पू. ४२ मध्ये सीझरला अधिकृतपणे देव केल्यावर याच्या नाण्यांवर 'देवाचा मुलगा' असं यायला लागलं. समोर अँटनी, खराखुरा सेनापती, लोकप्रिय. दोघांनी एकमेकांवर जो चिखल उडवलाय तो बघितला की आजचे ट्रोल सज्जन वाटतात. इटलीत पेरुसियाच्या वेढ्यात, इ.स.पू. ४१-४० मध्ये, गोफणीतून मारायच्या शिशाच्या गोळ्यांवर दोन्ही बाजूंनी शिव्या कोरल्या होत्या आणि त्या गोळ्या आज म्युझियममध्ये आहेत. एकीवर अँटनीच्या भावाला टकल्या म्हटलंय, त्याच ओळीत अँटनीच्या बायकोबद्दल जे आहे ते इथे लिहिण्यासारखं नाही. ऑक्टेव्हियनलाही सोडलेलं नाही. बदामाएवढी गोळी, समोरच्याचं डोकं फोडणार आणि वर शिवी पण डिलिव्हर करणार!

मग इ.स.पू. ३२. अँटनी पूर्वेकडे, इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याबरोबर. ऑक्टेव्हियनला युद्ध हवंय पण रोमन लोक आपसातल्या लढायांना पार विटलेत, आणि अँटनीबद्दल सहानुभूती असलेले पुष्कळ होते. तेवढ्यात अँटनीची दोन माणसं फुटून आली आणि त्यांनी टिप दिली की त्याचं मृत्युपत्र वेस्टा देवीच्या कुमारिका पुजारणींकडे ठेवलंय. ती जागा पवित्र, तिथून कोणी काही उचलत नाही. याने उचललं. आधी एकट्याने वाचलं, हवे ते भाग निवडले, आणि ते सिनेटमध्ये वाचून दाखवले. त्यातला सगळ्यात झोंबलेला मुद्दा पैशाचा किंवा राज्याचा नव्हता, तर मी मेल्यावर मला अलेक्झांड्रियात क्लिओपात्राशेजारी पुरा, हा होता. झालं, माणूस आपला राहिलाच नाही! ते मृत्युपत्र किती खरं होतं यावर अजून वाद चालू आहेत, पण त्या दिवशी सिनेटमध्ये फॅक्ट चेक कोण करणार होतं. आणि नंतरची चाल तर खासच, युद्ध जाहीर केलं ते फक्त क्लिओपात्राविरुद्ध. जुना विधी शोधून काढला, शत्रूच्या जमिनीत भाला फेकायचा तो, सगळं शास्त्रशुद्ध. म्हणजे आता हे भाऊबंदकीचं युद्ध नाहीच, परक्या राणीपासून रोमला वाचवायचंय, आणि अँटनी तिच्या बाजूने उभा राहिला तर देशद्रोही तोच.

पुढे ७५ वर्षांचा होऊन मेला तरी पुतळ्यांमध्ये तो पंचविशीतलाच राहिला. मरताना स्वतःच्या कामगिरीची यादी ठेवून गेला, तिची सगळ्यात चांगली प्रत तुर्कीत अंकाराला देवळाच्या भिंतीवर आहे, लॅटिन आणि ग्रीकमध्ये. किती पैसे वाटले, किती देवळं दुरुस्त केली, सगळं हिशोबासकट. अँटनीचं नाव त्यात नाही. ब्रुटस, कॅशियस यांचीही नावं नाहीत. ज्या माणसाशी आयुष्यातली सगळ्यात मोठी लढाई झाली त्याला नाव पण द्यायचं नाही, ही पातळी वेगळीच आहे.

मधली दीडेक हजार वर्षं मी उडी मारून जातो, प्रवचनं, क्रुसेड, किल्ल्यात टांगलेली कापडं, पद्धत तीच. फरक पडला तो छपाईने. मार्टिन लुथरने १५१७ मध्ये पोपच्या चर्चविरुद्ध आवाज उठवला ते सगळ्यांना माहीत असतं पण माझ्या मते खरा दणका १५२१ च्या एका छोट्या पुस्तिकेचा, चित्रकार लुकास क्रानाखच्या वर्कशॉपची चित्रं, जोडीजोडीने. डावीकडे येशू शिष्यांचे पाय धुतोय, उजवीकडे पोप आपल्या पायाचं चुंबन घ्यायला लावतोय. डावीकडे येशू देवळातून व्यापाऱ्यांना हाकलतोय, उजवीकडे पोप पापमुक्तीचे कागद विकतोय. अशा १३ जोड्या. वाचता न येणाऱ्यालाही एका नजरेत कळतं, आणि दोन फोटो शेजारी ठेवून काहीही सिद्ध करायची ही ट्रिक पाचशे वर्षं झाली तरी कोणाला जुनी वाटत नाही.

रोमने १६२२ मध्ये याला ऑफिस काढून उत्तर दिलं. पोप ग्रेगरी पंधरावा याने धर्मप्रसाराची मंडळी स्थापन केली, तिच्या लॅटिन नावातूनच प्रोपगंडा हा शब्द आला, चार वर्षांत तिचा स्वतःचा छापखाना सुरू झाला आणि जगभरच्या लिप्यांचे खिळे पाडले गेले. १७७८ मध्ये रोमच्या याच छापखान्यातून मराठीचं व्याकरण छापून निघालं, पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं! कुठे पोप, कुठे लुथर आणि कुठे आपली विभक्ती.

चित्र खोटं कसं बोलतं हे शिकायचं असेल तर मात्र पॉल रिव्हिअर या बॉस्टनच्या कारागिराचं चित्र समोर घेऊन बसा, नेटवर सहज मिळतं. ५ मार्च १७७०, अमेरिकेतलं बॉस्टन, तेव्हा ब्रिटिश वसाहतीतलं, रात्री नऊच्या सुमारास, रस्त्यावर बर्फ, एका ब्रिटिश पहारेकऱ्याभोवती जमाव जमला, शिव्या, बर्फाचे गोळे, काठ्या, मग कॅप्टन प्रेस्टन सात शिपाई घेऊन आला, गोंधळात गोळ्या सुटल्या, पाच माणसं गेली. आता चित्र. शिपाई एका सरळ रेषेत, एकदम, शिस्तीत बार काढतायत. मागे प्रेस्टन तलवार उचलून हुकूम देतोय. समोरचे लोक चांगल्या कपड्यातले, हातात काही नाही. वर आकाश निळं, रात्र कुठे गेली माहीत नाही. कस्टम हाउसवर 'कसायाची हवेली' अशा अर्थाची पाटी, जी तिथे कधीच नव्हती, आणि तिच्या खिडकीतूनही एक बंदूक धूर सोडतेय. पुढ्यात एक गरीब कुत्रं. मेलेल्यांमध्ये क्रिस्पस अॅटक्स हा आफ्रिकी आणि नेटिव्ह वंशाचा खलाशी होता, बहुतेक रंगीत प्रतींमध्ये तो ओळखूच येत नाही कारण सगळे गोरे रंगवलेत. आणि यावर कडी म्हणजे चित्राची कल्पना रिव्हिअरची नाहीच, हेन्री पेलहॅमची. त्याने विश्वासाने दाखवलं आणि याने आधी छापून विकायला काढलं, पेलहॅमचं चिडून लिहिलेलं पत्र अजून आहे.

त्याच वर्षी खटले चालले, शिपायांचं वकीलपत्र जॉन अॅडम्सने घेतलं, तोच जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. प्रेस्टन सुटला, आठपैकी सहा शिपाई सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधात धरलं. म्हणजे साक्षी-पुरावे तपासल्यावर बॉस्टनच्याच आसपासच्या ज्युरीचं मत चित्रापेक्षा बरंच वेगळं पडलं. पण निकाल कोणाच्या लक्षात राहतो, भिंतीवर चित्र राहिलं.

बेंजामिन फ्रँकलिनने तर १७८२ मध्ये हद्द केली. तेव्हा तो फ्रान्समध्ये अमेरिकेचा दूत होता, पॅरिसजवळ पासीला राहायचा, घरी स्वतःचा छापखाना. तिथे बसून त्याने बॉस्टनच्या एका खऱ्या पेपरची खोटी पुरवणी छापली. बातमी अशी की ब्रिटिशांसाठी सेनेका या नेटिव्ह टोळीच्या लोकांनी कापलेल्या अमेरिकनांच्या डोक्यांच्या कातड्यांचे गठ्ठे पकडलेत, आणि मग यादी, शेतकऱ्यांच्या एवढ्या, बायकांच्या एवढ्या, मुलांच्या एवढ्या. पण कमाल त्या बातमीत नाही, जाहिरातींत आहे. पुरवणी खरी दिसावी म्हणून त्याने खाली जमीन विकणे आहे, घोडा हरवला आहे असल्या फालतू जाहिराती टाकल्या. घोडा हरवलाय म्हटल्यावर कोण संशय घेणार! अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध मिटवायच्या तहाच्या बोलण्यांच्या काळात इंग्लंडमधल्या लोकांना लाज वाटावी हा हेतू होता, म्हणून लोक कौतुकाने सांगतात. मला ते जमत नाही, कारण ब्रिटिशांचं काय व्हायचं ते झालं पण नेटिव्ह लोकांबद्दलचा तो मजकूर पुढच्या शतकातही खरा म्हणून परत परत छापला गेला आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

राहिला नेपोलियन. १८०० च्या जानेवारीत, सत्ता घेऊन दोन-तीन महिने झाले नाहीत तोवर पॅरिसचे ७३ राजकीय पेपर त्याने १३ वर आणले. आल्प्स ओलांडला खेचरावर बसून, सैन्य पुढे गेल्यावर, चांगल्या हवेत, आणि चित्रकार दाविदच्या चित्रात उधळलेला पांढरा घोडा, वादळ, आणि खाली दगडावर आल्प्स ओलांडणाऱ्या जुन्या सेनापती हॅनिबलच्या नावाबरोबर त्याचं नाव. त्याच्या सैन्याची बुलेटिनं, म्हणजे युद्धाची सरकारी बातमीपत्रकं, निघायची आणि फ्रेंचमध्ये म्हणच पडली, बुलेटिनसारखं खोटं बोलणं. तरी लोक वाचायचेच.

सगळ्यात गाजलेलं एकोणतिसावं, १६ डिसेंबर १८१२ ला पॅरिसमध्ये छापलं गेलं. रशियात अख्खी सेना बर्फात संपली हे त्यात बऱ्यापैकी कबूल केलंय आणि शेवटची ओळ म्हणते, महाराजांची तब्येत इतकी छान कधीच नव्हती. घराघरातली पोरं मेलीत आणि हा तब्येत सांगतोय, म्हणून आजवर सगळे शिव्या घालतात. पण ती ओळ निर्लज्जपणाने आलेली नाही, घाबरून आलीय. २३ ऑक्टोबरच्या पहाटे पॅरिसमध्ये जनरल माले नावाचा एक कैदी नजरकैदेच्या दवाखान्यातून पळाला, खिशात बनावट कागद, सम्राट ७ ऑक्टोबरला मॉस्कोत मेला, सिनेटने नवं सरकार नेमलंय. तेवढ्या कागदावर सैन्याच्या तुकड्या त्याच्यामागे निघाल्या, पोलीसमंत्र्याला त्याच्याच राजधानीत उचलून तुरुंगात टाकलं, आणि पॅरिस ज्यात येतं त्या सीन प्रांताचा प्रमुख फ्रोशो याने तर नव्या सरकारच्या बैठकीसाठी टाउन हॉलमध्ये खोली लावायला घेतली. काही तासांत माले पकडला गेला, महिना संपायच्या आत गोळ्या घातल्या.

नेपोलियनला हे कळलं ६ नोव्हेंबरला, बर्फातून माघार चालू असताना, आणि त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हे की सम्राट मेला म्हटल्यावर एकालाही त्याचा मुलगा आठवला नाही. दीड वर्षांचं पोर, जन्मला तेव्हा १०१ तोफा झाल्या होत्या, 'रोमचा राजा' म्हणून नाव दिलं होतं, आणि वेळ आली तेव्हा कोणाच्या डोक्यातच नाही. पॅरिसला येऊन त्याने फ्रोशोला काढलं आणि फेब्रुवारी १८१३ मध्ये मुलाच्या आणि महाराणीच्या राज्याभिषेकाची तरतूद कायद्यात करून घेतली, म्हणजे उपाय काय सुचला तर अजून एक मोठा सोहळा.